घाटंजीची आजी चीनला जाते

मित्रांनो, नकाशाची वही काढा पाहू! यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं घाटंजी त्यात सापडणार नाही, पण यवतमाळ सापडेल. तिथून बोट थोडं खाली आणा. तिथे साधारण २० अंश उत्तर अक्षांश आहे. आता तेच बोट वर, हिमालय ओलांडून, उजवीकडे न्या आणि बीजिंग शोधा. बीजिंगचा अक्षांश किती? ४० अंश! म्हणजे विषुववृत्तापासून आम्ही जितके दूर, त्याच्या बरोबर दुप्पट दूर बीजिंग. आहे की नाही गंमत? ही गंमत आमच्या घरातल्या धाकट्याने शोधून काढली, आणि तेव्हापासून तो ज्याला त्याला ती सांगत सुटला.

तर २०१९ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही घरातले पाच जण चीनला जाऊन आलो. आजी, बाबा, मी आणि दोन मुलं. मुलांनी "आमची नावं छापू नकोस हं!" अशी तंबी दिली आहे, म्हणून इथे त्यांना थोरली आणि धाकटा असंच म्हणूया. थोरली तेव्हा नववी पास झाली होती, धाकटा सहावी. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे सुट्टी भरपूर होती. आणि मे महिन्यात घाटंजीत राहून करायचं काय? दुपारी डांबर पायाला चिकटतं, कूलरमध्ये पाणी ओतून ओतून हात दुखतात.

पण तुम्ही म्हणाल, उकाड्याला कंटाळून लोक चिखलदऱ्याला जातात, चीनला कशाला?

त्याचं कारण आजी.

आमची आजी तेव्हा ७८ वर्षांची होती. ती पंधरा-सोळा वर्षांची असताना जत्रेतल्या तंबूत तिने एक सिनेमा पाहिला होता. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये काढलेला. सोलापूरचा एक तरुण डॉक्टर चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करायला जातो आणि परत येत नाही, अशी ती गोष्ट. गोष्ट कसली, घडलेलं खरंच! तंबूतल्या सगळ्या बाया रडल्या म्हणे. आजी तर घरी येऊन जेवली नाही.

आणि मग १९६२ साल उजाडलं. ज्या चीनच्या लोकांसाठी आपला डॉक्टर मेला, त्याच चीनशी आपली लढाई झाली. तेव्हा देशभर बायकांनी राष्ट्रीय संरक्षण निधीत अंगावरचं सोनं काढून दिलं होतं. आजीचं नुकतंच लग्न झालेलं. तिने बोटातली अंगठी काढून दिली.

आता बघा हं, एकाच बाईच्या आयुष्यात या दोन गोष्टी. चीनमधल्या डॉक्टरसाठी रडणं आणि चीनशी लढायला अंगठी देणं. आजी म्हणते, दोन्ही खरं होतं. मात्र डॉक्टरचं काय झालं, त्याला पुरलं कुठे, तिथे कोणी दिवा लावतं का, हे तिच्या डोक्यातून कधी गेलं नाही. आजोबा गेल्यावर तिची एक मुदत ठेव संपली. बाबांनी विचारलं, "काशीला जायचं का?" तर म्हणते, "काशी पाह्यली मी. मले कोटणीसाकडं ने."

गल्लीत बातमी पसरायला काय वेळ! एक काका ओट्यावर येऊन बसले आणि जरा घुश्शातच म्हणाले, "चीनला? ज्यांनी आपल्यावर हल्ला केला त्यांच्याकडे पैसे खर्च करून जायचं?" आजी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी भांडाले नाई जाऊन राह्यली अन् सोयरीक कराले बी नाई. आपलं मानूस तिथं निजलं हाये, त्याले भेटाले चालली."

काकांना काय बोलावं ते सुचलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

निघायच्या आधी आजीने एक पुडी बांधली. तिला घाटंजीची काळी माती न्यायची होती, पण परदेशात माती नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात, असं बाबांनी समजावलं. मग तिने आपल्याच वावरातल्या कापसाचं वस्त्र केलं. पूजेला आपण देवाला कापसाची माळ घालतो ना, कुंकवाची बोटं लावलेली, ते वस्त्र. चांगलं हातभर लांब. ते तिने स्टीलच्या डब्यात ठेवलं आणि डबा स्वतःच्या पिशवीत. घाटंजीहून यवतमाळ, यवतमाळहून नागपूर, नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून बीजिंग. या सगळ्या प्रवासात तो डबा तिने कुणाच्या हाती दिला नाही.

बीजिंगला उतरलो आणि घड्याळं अडीच तास पुढे केली. चीन एवढा अवाढव्य देश, पण सगळ्या देशात एकच घड्याळ चालतं. मे महिन्याच्या शेवटी बीजिंगला पहाटे पाचच्या आतच उजाडतं. आजीला तर हा देश तिथेच आवडला, कारण ती घाटंजीतही पाचलाच उठते आणि बाकीच्यांना आळशी म्हणते! पहिल्याच सकाळी ती खिडकीत उभी राहून आम्हाला हाका मारायला लागली. खालच्या बागेत तिच्याच वयाचे आजी-आजोबा जमले होते. कोणी हळूहळू हात फिरवत व्यायाम करत होतं, कोणी गाणं लावून नाचत होतं. एक आजोबा तर हातभर लांब कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर चिनी अक्षरं काढत होते. सुंदर, वळणदार! पण ऊन वर आलं की पहिली ओळ वाळून नाहीशी व्हायची, तोवर ते चौथी लिहीत असायचे. धाकट्याने विचारलं, "मग लिहायचं कशाला?" थोरली म्हणाली, "तू पाटीवर लिहून पुसायचास, तेव्हा कशाला लिहायचास?"

तुमच्यासाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी सांगते. चीनमध्ये आपल्या फोनवरचं गूगल आणि व्हॉट्सॲप चालत नाही. तिथली अ‍ॅपं वेगळी. भाजीवालीसुद्धा कागदावरचा चौकोनी कोड पुढे करते आणि लोक फोनने पैसे देतात. आम्ही नोटा काढल्या की सुट्ट्यांची शोधाशोध व्हायची. भाषेची अडचण तर होतीच. त्यावर थोरलीने उपाय काढला. 'आम्ही मांस, मासे, अंडी खात नाही' असं चिनी अक्षरांत एका जाड कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद हॉटेलात गेल्यावर पुढे धरायचा. वाढणारी बाई वाचून आधी आमच्याकडे बघायची, मग आजीकडे, मग हसून मान डोलवायची. भात, पालेभाज्या, वांगी, सोयाबीनच्या दुधाचं पनीर. उपाशी मुळीच राहिलो नाही.

आणि आकडे! चिनी लोक एका हातावर दहापर्यंत मोजतात. अंगठा आणि करंगळी उघडली की सहा. अंगठा आणि तर्जनी उघडली की आठ. आजीने ही खूण एका दिवसात उचलली. बाजारात पीच घेताना विक्रेती आठ दाखवायची, आजी सहा दाखवायची. दोघी डोळे वटारायच्या. शेवटी सौदा जमायचा आणि दोघी खूश. भाषेवाचून अडलं नाही ते असं.

पण खरी धमाल चहाची. एका टपरीवजा दुकानात आजी बसली आणि सवयीने म्हणाली, "चा आन बापा." दुकानदाराने लगेच चहा आणला! आम्ही सगळे बघतच राहिलो. झालं होतं असं की चिनी भाषेतही चहाला 'छा'च म्हणतात. आपला चहा तिकडूनच आला, आणि येताना नाव घेऊन आला. मात्र त्या कपात दूध नाही, साखर नाही, नुसतं हिरवट गरम पाणी आणि तरंगणारी पानं. आजीने एक घोट घेतला, कपात बघितलं आणि म्हणाली, "नाव तेवढं बरोबर हाये."

चीनची भिंत तुम्हाला चित्रातून माहीत आहेच, म्हणून थोडक्यात सांगते. आम्ही मुतियान्यू नावाच्या ठिकाणी गेलो. वर जायला दोरीवरचे पाळणे आहेत, त्यामुळे आजीही आली. पायऱ्या लहानमोठ्या, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी. डोंगराच्या धारेवरून भिंत वळत वळत जाते आणि तिचं टोक काही दिसत नाही. वेगवेगळ्या राजवटींनी बांधलेल्या सगळ्या भिंती मोजल्या तर २१ हजार किलोमीटरच्या वर भरतात. चंद्रावरून ही भिंत दिसते असं तुमच्यापैकी कोणी ऐकलं असेल तर विसरून जा. २००३ मध्ये अवकाशात गेलेला चीनचा पहिला अंतराळवीर यांग लीवेई परत आल्यावर म्हणाला होता की मला तरी ती दिसली नाही.

आजीने बुरुजाच्या सावलीत बसून विचारलं, "एवढं भिताड बांधलं, मंग शत्रू आत आलाच नाई काय?" आला की! १६४४ मध्ये शानहायग्वान इथल्या चिनी सेनापतीनेच दरवाजा उघडला आणि मांचू सैन्य आत आलं. हे बाबांनी वाचून दाखवलं. "म्हंजे घरातल्यानंच कडी काढली," आजी म्हणाली आणि पाण्याची बाटली मागितली. मुलं खाली येताना घसरगाडीवरून आली. त्या गाडीबद्दल धाकटा अजून बोलतो, भिंतीबद्दल कमी.

१ जूनला सकाळी आम्ही आगगाडीत बसलो. आता ज्यासाठी आलो ते.

बीजिंगपासून दक्षिणेला २८० किलोमीटरवर शिजियाझुआंग नावाचं शहर आहे. गाडीने सव्वा तासात पोचवलं! डब्यातल्या फलकावर वेगाचा आकडा तीनशेच्या वर गेला, तरी खिडकीत उभा ठेवलेला पाण्याचा पेला हलत नव्हता. प्रत्येक डब्याजवळ उकळत्या पाण्याचा नळ असतो. चिनी माणसं उन्हाळ्यातही गरमच पाणी पितात. बाहेर दोन्ही बाजूंना पिवळीधमक शेतं पळत होती. आजी खिडकीला नाक लावून म्हणाली, "गहू! जून महिन्यात उभा गहू!" आपल्याकडे गहू मार्चमध्ये घरी येतो. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडतं, गहू बर्फाखाली थांबून राहतो आणि जूनमध्ये कापायला येतो. बाबा म्हणाले, "आपला गहू थंडीत वाढतो, त्यांचा थंडीत झोपतो."

शिजियाझुआंग या नावाचा अर्थ शी घराण्याची वाडी. शंभरेक वर्षांपूर्वी खरोखरच छोटं खेडं होतं ते. तिथून रेल्वे गेली आणि खेडं फुगत गेलं. आता शहर आणि आसपासचा मुलूख मिळून कोटभर माणसं राहतात. १९५० नंतर इथे ओळीने कापडाच्या गिरण्या निघाल्या, कारण आजूबाजूला कापूस पिकायचा. गिरण्यांचं आणि कापसाचं गाव, म्हणजे जसं आपलं सोलापूर. आणि इथेच आपला सोलापूरकर निजला आहे.

आता डॉक्टरांची हकीकत नीट सांगते.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला झाला. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले. तेव्हा जपानने चीनवर स्वारी केली होती. चीनचे सेनापती झू दे यांनी जवाहरलाल नेहरूंकडे मदत मागितली. आपण स्वतःच तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात. सैन्य पाठवणार कुठून? पण डॉक्टर पाठवता येत होते. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी आवाहन केलं, लोकांनी पैसे दिले, एक रुग्णवाहिका घेतली आणि पाच डॉक्टरांचं पथक तयार झालं. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख. कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. सोलापूरचे कोटणीस. आणि पाचवे कोण असतील? आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर! पथकातले वडीलधारे तेच. विदर्भातल्या वाचकांनो, हे नाव लक्षात ठेवा बरं का. कोटणीसांचं सर्वांना माहीत आहे, चोळकरांचं फारसं कुणाला नाही.

१ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट सुटली. कोटणीसांना अठ्ठाविसावं वर्ष पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. चीनमध्ये पाचही डॉक्टरांना चिनी नावं मिळाली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ' हे अक्षर होतं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दी-हुआ'.

त्यांचं पथक साधारण वर्षभरासाठी गेलं होतं. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्ये परतले, अटल त्यानंतर आणि बसू सर्वांत शेवटी, १९४३ मध्ये. कोटणीस मात्र राहिले. चीनमध्ये असतानाच त्यांना वडील गेल्याची बातमी कळली. तरी ते परतले नाहीत. उत्तर चीनच्या डोंगरांत, आज एका खेड्यात तर उद्या दुसऱ्या, असा दवाखाना चालायचा. गेल्यावर ते चिनी बोलायला, वाचायला शिकले. १९४० च्या एका मोठ्या लढाईत ७२ तास न झोपता त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. १९४१ मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे डॉक्टर. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जखम चिघळली, रक्तात विष भिनलं आणि १९३९ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाचं हे रुग्णालय.

तिथेच कोटणीसांनी को चिंग-लान या परिचारिकेशी लग्न केलं. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. त्याचं नाव सेनापती न्ये रोंगझेन यांनी सुचवलं, 'यिन-हुआ'. चिनी भाषेत भारताला 'यिन-दू' म्हणतात. त्यातला यिन आणि चीनचा हुआ. दोन देश एका बाळाच्या नावात!

बाळ चार महिन्यांचंही झालं नव्हतं. कोटणीसांना अपस्माराचे झटके येत होते. औषध नाही, विश्रांती नाही. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले. वय बत्तीस.

त्यांची समाधी शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. नाव स्मशानभूमी, पण दिसायला मोठं उद्यान. उंच उंच सदाहरित झाडं, रुंद स्वच्छ वाटा. आम्ही गेलो तो दिवस १ जून, म्हणजे चीनमधला बालदिन! गळ्यात लाल रुमाल बांधलेली शाळेची मुलं रांगेने फिरत होती. इतकी शिस्त, आणि तरी मागच्या रांगेतले दोघे एकमेकांना चिमटे काढत होतेच. बेथ्यून यांची समाधीही त्याच उद्यानात आहे.

कोटणीसांचा पुतळा दिसला आणि आजी थांबली. बराच वेळ नुसती उभी. मग चपला काढल्या. उन्हाने फरशी तापली होती, तरी काढल्या. डबा उघडून कापसाचं वस्त्र बाहेर काढलं. घाटंजीत लावलेली कुंकवाची बोटं प्रवासात थोडी फिकी झाली होती. ते समाधीवर ठेवून तिने हात जोडले आणि आपण घरी आलेल्या माणसाशी बोलतो तशी बोलायला लागली. "मी घाटंजीची. तुमाले तंबूत पाह्यलं होतं." एवढं आम्हाला ऐकू आलं. पुढचं ती हळू बोलली.

त्या मुलांबरोबर एक बाई होत्या, बहुधा शिक्षिका. त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "यिन-दू?" आम्ही माना डोलावल्या. मग पुतळ्याकडे बोट करून थोरली म्हणाली, "के दी-हुआ." उच्चार चुकला असणार, पण बाईंच्या चेहऱ्यावर जे हसू आलं! त्या मुलांकडे वळून काहीतरी बोलल्या. मुलांनी आमच्याकडे बघितलं, आणि मग सगळ्या रांगेने, त्या चिमटेवाल्यांसकट, हात वर करून सलामी दिली. ती आम्हाला होती की डॉक्टरांना, कोण जाणे. आजीने मात्र एका मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आपली कडाकडा बोटं मोडली. तो मुलगा घाबरून बघायला लागला, कारण चीनमध्ये कोणी अशी दृष्ट काढत नाही!

धाकटा परत येताना गप्प होता. मग म्हणाला, "आई, पण त्यांचं बाळ? यिन-हुआचं काय झालं?" मला हे सांगायचं नव्हतं. पण विचारलं तर खोटं कसं सांगू? यिन-हुआही डॉक्टरकीच शिकत होता. शिक्षण पुरं होण्याच्या बेतात असताना, १९६७ मध्ये, उपचारांतल्या हयगयीमुळे तो गेला. पंचवीस वर्षांचाही झाला नव्हता. को चिंग-लान आजी मात्र खूप जगल्या. भारतात कितीतरी वेळा येऊन सासरच्या माणसांना भेटल्या आणि २०१२ मध्ये वारल्या, ९६ वर्षांच्या होऊन. हे ऐकून आमची आजी फक्त म्हणाली, "तिनं लय सोसलं."

त्या रात्री धाकट्याने आणखी एक प्रश्न काढला. "ते परत यायला हवे होते का?" यावर आमच्या खोलीत चांगलीच वादावादी झाली. थोरली म्हणाली, जखमी समोर पडलेले असताना डॉक्टर कसा निघून येईल? बाबा म्हणाले, चौघे परत आले, त्यांनी काय कमी केलं? चोळकरांचं वय झालं होतं, प्रत्येकाची परिस्थिती वेगळी. मी म्हटलं, बाळ झाल्यावर तरी तब्येतीकडे बघायला हवं होतं. आजी म्हणाली, "त्याच्या मायले कोनी इचारलं काय?" आणि कूस बदलून झोपली. आमचं काही एकमत झालं नाही. तुमच्या घरीही विचारून बघा.

तिथून आम्ही शिआनला गेलो. जुन्या काळात चीनची राजधानी. शिआनचं चिनी नाव तुम्हाला नवीन वाटेल, पण इथला एक माणूस तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात आहे. युआन श्वांग! सम्राटाने सरहद्द ओलांडायला बंदी केली होती, तरी हा भिक्षू इसवी सन ६२९ च्या सुमारास लपूनछपून निघाला. वाळवंट, बर्फाचे डोंगर पार करून भारतात आला. नालंदेत शिकला आणि सगळा देश फिरला. ६४१ च्या सुमारास तो कांचीकडून वर आपल्या महाराष्ट्रात आला. त्याने लिहिलेलं आपलं नाव ऐका, 'मो-हो-ला-छा'! तेव्हा इथे राजा होता चालुक्यांचा पुलकेशी, ज्याने सम्राट हर्षाला नर्मदेच्या अलीकडे येऊ दिलं नाही. युआन श्वांगने आपल्याबद्दल काय लिहिलं असेल? जमीन सुपीक, हवा उष्ण, माणसं साधी आणि सरळ. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवतात. आजी म्हणाली, "हवा उष्ण, हे तं त्यानं घाटंजीतच येऊन लिवलं असंन."

६४५ मध्ये तो परतला, वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून. ते ठेवायला ६५२ मध्ये मनोरा बांधला, तो आजही शिआनमध्ये उभा आहे. सात मजली, ६४ मीटर उंच. पुढे चौकात युआन श्वांगचा पुतळा. त्याने आणलेल्या कित्येक ग्रंथांच्या मूळ प्रती आपल्याकडे नष्ट झाल्या, पण त्याने केलेली चिनी भाषांतरं शिल्लक आहेत. आजीने इथेही चपला काढल्या. डब्यात वस्त्र उरलं नव्हतं, म्हणून नुसता नमस्कार केला.

शिआनजवळच ते मातीचं सैन्य आहे. १९७४ मध्ये पाऊस नव्हता म्हणून शेतकरी विहीर खणत होते, आणि पाण्याऐवजी मातीची डोकी लागली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सम्राटाच्या थडग्याची राखण करणारे हे सैनिक. अंदाजे आठ हजार, आणि चेहरे वेगवेगळे. आजी म्हणाली, "आमच्या विहिरीले पानी लागत नाई अन् यायले फौज लागली!" यवतमाळकरांना यातला विनोद आणि दुःख दोन्ही कळेल.

शिआनचं जेवण मात्र खास आपलं! लाल तिखटाचा तवंग आणि भरपूर व्हिनेगर घातलेल्या थंडगार शेवया खाऊन बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते म्हणाले, "अखेर घरी आलो." एका शेवयांच्या नावाचं अक्षर तर असं आहे की ते लिहायला पन्नासच्या वर रेघा काढाव्या लागतात. धाकट्याने वहीत उतरवायचा प्रयत्न केला. पान फाटलं.

७ जूनला रस्त्यात एके ठिकाणी सगळ्या गाड्या आवाज न करता चालल्या होत्या. भोंगा नाही, काही नाही. शाळेच्या फाटकाबाहेर आया छत्र्या घेऊन उभ्या. ती चीनची बारावीनंतरची मोठी प्रवेश परीक्षा! त्या वर्षी एक कोटीवर मुलं बसली होती. थोरलीची दहावी समोर होती. ती फाटकाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "इथे पण पोटात गोळा येतच असेल ना?"

आम्ही आलो आणि वर्षाच्या आत जगच बंद झालं. २०२० मध्ये करोना आला. त्याच जूनमध्ये गलवान खोऱ्यात आपले वीस जवान शहीद झाले. भारत-चीनमधली थेट विमानं थांबली, ती २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. गलवानची बातमी आली त्या संध्याकाळी ते काका परत ओट्यावर आले. "बघा," म्हणाले. आजीने त्यांना बसायला सांगितलं. देवघरात त्या जवानांसाठी दिवा लावला. तोवर मी चहा टाकला होता. दोघंही बराच वेळ काही बोलले नाहीत.

चीनला जाणं सगळ्यांना जमणार नाही, पण सोलापूरला जमेल. डॉ. कोटणीस जिथे वाढले ते घर तिथे आहे. आता त्याचं स्मारक झालं आहे. सिद्धेश्वराच्या दर्शनाला किंवा चादरी घ्यायला सोलापूरला गेलात तर तासभर काढून ते बघून या. तिथे जायला पासपोर्ट लागत नाही.